शिंकेचा साक्षात्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तशी माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढली, जिन्यात बसली, आणि उरलेली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. प्रत्येकाचा डावा हात छातीवर, मनगटावर काळं रबरी कडं आणि कड्याच्या मधोमध एक मणी.

"एकत्र दाबा," मंचावरून नाडीमहाराज म्हणाले.

सगळ्यांनी मणी दाबला. खिडक्यांचे पडदे ओढले गेले, दिवे मालवले, आणि अंधारात शेकडो लाल ठिपके पेटले. पेटले, विझले, पुन्हा पेटले. सगळे एकदम, एका लयीत. ठिपक्याशेजारी आकडा. माझ्या पुढच्या माणसाचा बहात्तर, त्याच्या बायकोचा बहात्तर, खिडकीत बसलेल्या जाड्या दूधवाल्याचा बहात्तर. थोड्या वेळाने एकाहत्तर. तोही सगळ्यांचाच.

खोटं कशाला बोलू, दृश्य देखणं होतं. लबाडी देखणी नसेल तर तिच्याकडे कुत्रंही फिरकत नाही.

"भक्तांनो, तुमची नाडी माझ्या नाडीत विरघळली," महाराज मधाळ आवाजात सांगू लागले. "या प्राणकड्याला चार्जर नाही. कारण हे तुमच्या प्राणावर चालतं. ब्रह्मांडाची फ्रिक्वेन्सी आणि आत्म्याचं व्होल्टेज जुळलं की शरीर क्वांटम होतं. आणि क्वांटम शरीराला औषध लागत नाही."

व्होल्टेज म्हणजे काय हे महाराजांना ठाऊक नव्हतं, श्रोत्यांनाही नव्हतं. त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं.

मग महाराजांनी भजन धरलं. या भजनासाठीच दादा मला ओढून घेऊन आला होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्हा दोघांचं चष्म्याचं दुकान आहे. नंबर तो काढतो, फ्रेमा मी बसवतो. मला कीर्तनाचं वेड. देवाचं नाव सुरात कानावर पडलं की माझा घास हातातच राहतो. "तुला गाणं लागतं ना, मग चल, ऐक एकदा," दादा म्हणाला होता.

ऐकलं. आवाज वाईट नव्हता. पण गाणारा माणूस रंगला की एक ओळ पुन्हा घेतो, पुन्हा उलगडतो, घड्याळ विसरतो. हा बुवा एकही ओळ जास्त घेत नव्हता. डोळे मिटल्यासारखे, पण पापण्यांच्या फटीतून नजर स्वतःच्या मनगटावर. भजन संपलं, त्याने हात वर केला आणि म्हणाला, "आला."

त्याच क्षणी सभागृहातले सगळे आकडे उसळले. एकशे अठरा. ठिपके धडधडले आणि हळूहळू पुन्हा बहात्तरवर आले. माणसं रडू लागली. माझा दादा, जो आयुष्यभर लोकांना तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला लावत आला, तोही रडत होता.

"हा परमस्पर्श," महाराज म्हणाले. "आणि ज्यांना तो उशिरा झाला, त्यांनी समजून घ्यावं. मनावर पापाचा थर आहे."

आमच्या रांगेच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या मावशी बसल्या होत्या. त्यांच्या कड्यावरचा आकडा आत्ता कुठे उसळत होता. त्यांनी पदराने मनगट झाकलं आणि मान खाली घातली.

"दर वेळी मलाच उशीर होतो हो," त्या मला हळूच म्हणाल्या. "काय केलंय मी असं, कळतच नाही."

मला राग आला तो तिथे. देवाचं नाव घेऊन एका गरीब बाईला चारचौघांत पापी ठरवायचं, आणि ते रबराच्या पट्ट्याच्या जोरावर.

*

घरी वेगळीच कथा चालली होती. दादाचं हृदय बेताल चालतं. डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली होती आणि बजावलं होतं की ही चुकवायची नाही. बेताल हृदयात रक्ताची गुठळी होते, आणि ती मेंदूकडे गेली तर माणूस आडवा होतो. कडं हातात चढल्यापासून दादाने गोळी बंद केली होती.

"रोज बहात्तर," तो वहिनीला मनगट दाखवायचा. "डॉक्टरचं मशीन दर वेळी वेगळा आकडा सांगतं. कोणावर विश्वास ठेवू?"

वहिनीने गोळी पाण्यात विरघळवून दिली, त्याने ग्लास हुंगून परत केला. शेवटी तिने मुलीला फोन केला.

दादाची मुलगी म्हणजे आमची बारकी. नाव वेगळं आहे, पण घरात सगळ्यांची बारकीच. कामही तसंच बारीक. दुसऱ्या शहरात एका कंपनीत ती चिप बनवते. मनगटावर बांधून हृदयावर नजर ठेवणाऱ्या पट्ट्यांमधली, नखाएवढी. ती दोन दिवसांची रजा काढून आली. तिच्या पिशवीत तिने स्वतः घडवलेला पट्टा होता आणि त्याचा चार्जर.

दादाने तो चार्जर चिमटीत धरला, मेलेलं झुरळ धरावं तसा.

"हे बघ, हिचं यंत्र," तो मला म्हणाला. "आठवडा झाला की भिंतीला लटकतं. एवढी शिकली, पगार घेते. आणि महाराजांचं वर्षभर चालतंय, तारेशिवाय."

"बाबा, तो आठवडा मिळवायला आम्ही तीन वर्षं घासलीत," बारकी म्हणाली. "आधी दीड दिवसात मान टाकायचं."

"मग महाराजांकडे शिकायला जा."

"बघू तरी त्यांची विद्या."

तिने कडं उलटं केलं, खिडकीपाशी नेलं, हाताचा आडोसा करून पाहिलं. मग स्वतःचा पट्टा उलटा करून शेजारी ठेवला. तिच्या पट्ट्याच्या पोटातून हिरवा उजेड लुकलुकत होता.

"बाबा, हा उजेड कातडीत शिरतो. रक्ताची लाट आली की थोडा कमी परत येतो. त्यावरून ठोका कळतो. हा पट्ट्याचा डोळा. बॅटरी खातो तो हाच, आणि त्याने पाहिलेलं समजून घेणारी चिप. म्हणून आम्ही चिपला झोपवतो. दोन ठोक्यांच्या मध्ये सगळं घर झोपलेलं आणि एकच राखणदार जागा. काही वेगळं दिसलं की त्याने घरच्यांना उठवायचं. आमची सगळी अक्कल त्या झोपेत आणि वेळेवर जागं होण्यात आहे. आता तुमचं कडं बघा."

दादाने सवयीने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं. कड्याचं पोट गुळगुळीत, काळं.

"याला डोळाच नाही, बाबा. हे आंधळं आहे. आंधळ्याला उजेडाचा खर्च कसला? वर्षभर चालेल नाही तर काय होईल?"

"त्याला अंतर्दृष्टी आहे," दादा म्हणाला. चाळीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे चढवणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याला काय म्हणायचं?

बारकीने मणी दाबला, कडं टेबलावर ठेवलं आणि बघत बसली. बहात्तर. एकाहत्तर. मध्येच एक ठोका गळाला. तिच्या कपाळाला आठी पडली. तिचे ओठ हलू लागले, पाठ केलेलं काही म्हणावं तसे. मी मांडी घालून भजनाची गोष्ट सांगत होतो, की बुवा एक ओळही जास्त घेत नाही आणि चोरून मनगटाकडे बघतो. तिने हात वर करून मला थांबवलं. आकडा उसळला. एकशे अठरा.

बारकी पोट धरून हसली. हसता हसता खुर्चीवरून खाली बसली.

"काय गं झालं?" वहिनी स्वयंपाकघरातून आली.

"आई, ही माझी शिंक आहे."

मग तिने सांगितलं. दुकानात पट्टा मांडतात तो प्लास्टिकच्या हातावर. प्लास्टिकला नाडी कुठली? म्हणून नमुन्याच्या पट्ट्यात डोळा बसवतच नाहीत, चिपमध्ये ठोक्यांचा एक तुकडा भरून ठेवतात. नमुन्याच्या पट्ट्याने तोच पुन्हा पुन्हा दाखवायचा, गिऱ्हाइकाला वाटावं चालतंय. तो तुकडा भरताना कोणाचे तरी ठोके हवे होते. बारकी हात पुढे करून बसली. तिला सर्दी झाली होती. मध्येच शिंक आली, हात हलला, आणि यंत्र फसून एकशे अठरा दाखवून बसलं. तो भाग कापायचा असं सगळ्यांनी ठरवलं आणि प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने कापला. लक्षात आलं तेव्हा वरिष्ठ म्हणाले, राहू दे, प्लास्टिकचा हात तेवढाच जिवंत वाटेल. पुढे ते मॉडेल बंद पडलं आणि नमुन्याचे पट्टे भंगारात गेले.

"भंगारातून महाराजांच्या कृपेत," मी म्हणालो.

"वर मणी चिकटवला, तो दाबला की तुकडा पहिल्यापासून सुरू, झालं. काका, वर्षभर रोज हाच तुकडा चालवून मी चिप तपासलीय. तुम्हाला अभंग पाठ असतात ना, तसा मला हा पाठ आहे."

दादा उठला. "तुला महाराजांचा मत्सर वाटतो," तो म्हणाला. "तुझं यंत्र हरलं, हे तुला सोसत नाही."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. बारकीने स्वतःचा पट्टा उचलून त्याच्यापुढे धरला.

"उद्या बैठक आहे ना? तुमचं कडं डाव्या हातात राहू दे. माझा पट्टा उजव्या हातात घाला. एवढंच."

"घालतो. बघू कोण खरं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं पहिल्या रांगेत. मणी दाबले गेले, अंधार झाला, ठिपके लुकलुकू लागले, भजन सुरू झालं. बारकी दादाच्या शेजारी. तिने त्याच्या उजव्या मनगटाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. चौऱ्याण्णव, एकशे सात, अठ्ठ्याऐंशी. ठिपका कधी घाई करत होता, कधी अडखळत होता. डाव्या मनगटावर शांत बहात्तर.

ती उभी राहिली.

"आता एकाहत्तर होईल," ती मोठ्याने म्हणाली. महाराजांच्या भजनावर तिचा आवाज स्पष्ट ऐकू गेला. "झालं? आता एक ठोका गळेल. गळाला. आता सत्तर. आता पुन्हा बहात्तर."

अंधारात कुजबुज उठली. शेकडो मनगटं तिच्या तोंडाकडे बघून चालल्यासारखी आकडे बदलत होती.

"आणि आता," बारकी म्हणाली, "एकशे अठरा."

सगळे आकडे उसळले. बारकीकडे बघण्याच्या नादात महाराजांची अजून दीड ओळ गायची बाकी राहिली होती. ते घाईघाईने "आला, आला" म्हणाले, पण तोवर येणारा येऊन गेला होता.

दिवे लागले. आणि मग जे झालं त्याला मी तयार नव्हतो. शिवणकाम करणाऱ्या मावशी रांगेतून धावत आल्या आणि बारकीच्या पायांवर कोसळल्या. त्यांच्यामागून आणखी चार बायका, एक निवृत्त कारकून, तो जाडा दूधवाला. "माताजी," कोणीतरी म्हणालं. "माताजींना सगळं आधी दिसतं." फोन बाहेर निघाले. एका पोटतिडकीच्या भक्ताने बारकीच्या चपलेला कपाळ लावलं. एक बुवा हातचा जाईल असं दिसलं की आमच्या लोकांना दुसरा लगेच लागतो, मधली खुर्ची रिकामी बघवत नाही.

"मावशी, उठा," बारकी त्यांना दंडाला धरून उठवत म्हणाली. "मला दिसत-बिसत काही नाही. मला त्या दिवशी सर्दी झाली होती."

तिने प्लास्टिकच्या हाताची गोष्ट सांगितली. मग मावशींचा हात हातात घेतला. अंगठा सांध्यात सुजलेला होता.

"कात्री चालवून आखडलाय ना?"

"हो गं बाई. वाकतच नाही पटकन."

"म्हणून तुम्ही मणी उशिरा दाबता. म्हणून आकडा उशिरा उसळतो. पाप नाही, मावशी. अंगठा आहे."

मावशी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

महाराज मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "बेटी," ते माइकवर म्हणाले, "भविष्य दिसण्याची ही सिद्धी तुला या कड्याच्याच कृपेने लाभली. तू आमची मानसकन्या."

"बरं," बारकी म्हणाली. ती मंचावर चढली, एका भक्ताचं कडं मागून घेतलं आणि महाराजांच्याच माइकच्या दांड्याला बांधलं. सगळ्यांना पुन्हा मणी दाबायला सांगितला. स्वतः थोडी थांबली आणि मग दांड्याचा दाबला.

दांड्याची नाडी बहात्तर. सभागृहाचे आकडे उसळले, दांडा थंड. मग, मावशींना होत असे तसा जरा उशिरा, दांड्यालाही परमस्पर्श झाला.

"याला मी मुद्दाम उशिरा दाबला," बारकी म्हणाली. "म्हणून हा दांडा पापी."

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. महाराज सावरले. "चराचरात चैतन्य आहे. दांड्यातही आहे." आणि अहो, काही माना चक्क डोलल्या.

तेव्हा बारकीने मंचाच्या कडेला बसून साधी गोष्ट सांगितली. "उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवा. कड्याच्या वर, अंगठ्याच्या बाजूला. लागली नाडी? आता ठिपक्याकडे बघा. बोटाला ठोका लागतो तेव्हाच ठिपका पेटतो का? एवढंच बघा. माझं ऐकू नका, त्यांचंही ऐकू नका."

इतकी माणसं स्वतःची नाडी धरून बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मग एकेक आवाज यायला लागला. "माझी पुढे पळतेय." "माझी मागे राहते." "अहो, याचा आणि माझा काही संबंधच नाही."

मी दादाकडे पाहिलं. त्याने मानेपाशी दोन बोटं दाबली होती. डोळे एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर. बारकी खाली उतरली आणि त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"बाबा," ती म्हणाली, आणि आवाज अगदी दादाचा, दुकानात भिंग बदलताना असतो तसा, "कुठलं नीट दिसतंय? हे, की हे?"

हा प्रश्न दादाने चाळीस वर्षं लोकांना विचारला. त्याला ठाऊक होतं की याचं उत्तर दुसरं कोणी देऊ शकत नाही आणि खोटं दिलं तर चष्मा खोटा बनतो, मग माणूस जिन्यावरून पडतो.

मानेवरची बोटं अडखळत होती. उजव्या मनगटावरचा ठिपकाही तिथेच अडखळत होता.

"हे," दादा म्हणाला, आणि उजवा हात पुढे केला.

डावं कडं काढायला त्याला जरा वेळ लागला. "म्हणजे इतके दिवस," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी आणि हा दांडा एकच होतो."

गर्दीत मार्ग काढत आम्ही त्याला सरळ दवाखान्यात नेलं. महाराज त्यानंतर काय म्हणाले ते मला ठाऊक नाही. पुढच्या बैठकीआधी त्यांनी आपली फ्रिक्वेन्सी दुसऱ्या शहरात हलवली, एवढं कळलं.

डॉक्टरांनी तपासलं, छातीवर तारा लावून कागद काढला आणि गोळी आपल्यासमोर घ्यायला लावली. "नशीब समजा," ते दादाला म्हणाले. "आणखी काही दिवस असेच गेले असते तर तुम्ही मला बोलून सांगू शकला नसता." वहिनी कोपऱ्यातल्या बाकावर बसली आणि पहिल्यांदाच मोकळेपणी रडली.

आता ते कडं आमच्या दुकानात आहे. काचेच्या कपाटात फ्रेमा मांडायला एक प्लास्टिकचं डोकं ठेवलेलं असतं. दादाने कडं त्याच्या गळ्यात अडकवलंय. रोज सकाळी गोळी घेऊन झाली की तो त्याचा मणी दाबतो. कोणी गिऱ्हाईक मनगटावर तसंच कडं मिरवत आलं की दादा त्याला डोक्याकडे बोट करून दाखवतो. "यांची प्रकृती उत्तम आहे. बहात्तर. गोळी नाही, पथ्य नाही. तुम्हीही असेच का?" माणूस हसतो, मग हळूच स्वतःचं मनगट चाचपतो.

मी देव मानतो, आणि देवाचं नाव कानावर पडलं की आजही माझा घास हातातच राहतो. म्हणूनच सांगतो. ज्याने छातीत हा ठोका घातला त्याने तो तपासायला बोटंही दिली आहेत, आणि शंका घ्यायला डोकं. ते डोकं कोणाच्या पायावर ठेवण्याआधी एकदा वापरून बघा. कोणी चमत्कार दाखवला तर तो हातात मागून घेऊन, उलटा करून, उजेडात धरून पाहा. बघायची परवानगी देत नसेल, तर समजा आत डोळाच नाही. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि कोणी तुमच्या नाडीबद्दल मोठमोठे शब्द बोलू लागला, की त्याचं बोलणं संपेपर्यंत शांतपणे आपली दोन बोटं आपल्या मनगटावर ठेवून बसा.